प्रसूती रजेच्या तीन खिडक्या: ईएसआय, मालक आणि मातृ वंदना यांचं परीक्षण

पगारी प्रसूती रजा आपल्याकडे तीन खिडक्यांवर मिळते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या), त्याच्या वर असेल तर मालकाच्या, आणि पगारी नोकरीच नसेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या. तिन्हींत ईएसआयची खिडकी सरस आहे. हे अनेकांना पटणार नाही, कारण ईएसआय म्हटलं की दवाखान्यातली रांग आणि संपलेली औषधं आठवतात. ती तक्रार रास्त आहे. पण प्रसूती लाभ हा रोख रकमेचा भाग, तो थेट बँकेत येतो, आणि त्याची आखणी उरलेल्या दोन्हींपेक्षा शहाणपणाची आहे. फक्त तिथपर्यंत पोचायची वाट अडचणीची आहे.

परीक्षणाची कसोटी आधी सांगायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ आला. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत तो २.९ होता. गोवा तर १.३ वर आहे. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. ही सगळी घसरण नोकऱ्यांमुळे झाली असं म्हणणं थापेबाजी होईल. मुलींचं शिक्षण वाढलं, बालमृत्यू घटले, आणि दुसऱ्या मुलानंतर बाईचं ऑपरेशन ही महाराष्ट्रात कित्येक दशकांची रीतच आहे. पण पुण्या-नाशिकच्या पगारदार घरात पहिलं मूल कधी आणि दुसरं होऊ द्यायचं की नाही, याचं गणित दोन प्रश्नांवर येऊन थांबतं: बाईची नोकरी टिकेल का, आणि ती कामावर गेल्यावर मुलाला कोण सांभाळेल? तेव्हा रजा किती आठवड्यांची हे बघायचंच. पण या दोन प्रश्नांची उत्तरं ती किती देते, यावर गुण द्यायचे.

आधी हिशेब. २०,००० रुपये पगाराच्या बाईमागे मालक दरमहा ३.२५ टक्के म्हणजे ६५० रुपये भरतो, तिच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये कापले जातात. एकूण ८००. शेजारच्या मशिनवर तेवढ्याच पगाराचा पुरुष असेल तर त्याच्यामागेही तेच ८००. ती बाळंत झाली की २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, सरासरी रोजाच्या शंभर टक्के दराने ईएसआय महामंडळ पैसे देतं. सुमारे १ लाख २० हजार. मालकाच्या खिशातून त्या काळात तिचा पगार जात नाही, आणि रजेच्या दिवसांची वर्गणीही नाही. बाई घेतली काय अन् पुरुष घेतला काय, मालकाला भार तोच. तीन खिडक्यांपैकी ही खुबी फक्त इथे आहे.

अटी अशा: पहिल्या दोन हयात मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आधीच दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर दाखल्यावर आणखी एक महिना. पात्रतेसाठी लागोपाठच्या दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

बहुतेक जणी अडकतात त्या या ७० दिवसांत. वर्गणीकाळ दोन: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पण लाभाचा काळ लगेच सुरू होत नाही, मध्ये तीन महिन्यांची फट आहे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. उदाहरण घेऊ. आधीचा विमा क्रमांक असलेली, दोन वर्षं घरी बसून परत कामाला लागलेली बाई. रुजू १ ऑगस्ट २०२४ ला. बाळंतपणाची तारीख १० मे २०२५. ही तारीख जानेवारी-जूनच्या लाभकाळात पडते, म्हणून बघायचे वर्गणीकाळ दोन: ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२४. पहिल्यात शून्य. दुसऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबर, एकही खाडा नसला तरी ६१ दिवस. ७० भरत नाहीत. मे उजाडेपर्यंत ती नऊ महिने वर्गणी भरत असते, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हीच तारीख ५ जुलै असती तर लाभकाळ बदलला असता, ऑक्टोबर ते मार्चचे दिवस जमेला आले असते आणि ती आरामात पात्र ठरली असती. नऊ दिवसांसाठी लाखभर रुपये. अशा बाईने हात हलवत परत येऊ नये, मालकाकडे अर्ज करावा: १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात, विम्याखाली पात्र होईपर्यंत कायद्याने दिलेला हक्क कायम राहतो, असं कलमच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. २६ आठवडे, ८० दिवसांची अट वगैरे गाभा तोच राहिला आहे.

(पहिल्यांदाच विम्यात येणाऱ्यांसाठी लाभकाळ रुजू तारखेपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे लग्नानंतर पहिली नोकरी धरणाऱ्या मुलीला कॅलेंडर आणखी बारकाईने बघावं लागतं.)

दुसरा घोळ नावाचा. माहेरचं नाव, सासरचं नाव, मध्ये वडिलांचं की नवऱ्याचं, हा प्रश्न महाराष्ट्रात जितका गुंतागुंतीचा आहे तितका क्वचित कुठे असेल. विमा क्रमांक लग्नाआधीच्या नावावर, आधार नंतरच्या, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगवर, आणि डॉक्टरच्या दाखल्यावर चौथंच. दावा अडकतो तो पैसे नाहीत म्हणून नव्हे, नोंदी जुळत नाहीत म्हणून. दुरुस्ती मालकामार्फत करावी लागते आणि मालकाच्या एचआरला त्याची घाई नसते. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यातच नाव, जन्मतारीख आणि खातं सगळीकडे सारखं करून घ्यावं. आठव्या महिन्यात कचेऱ्यांचे जिने चढायला लावणं हा प्रक्रियेचा दोष आहे, पण आज तरी तो तसाच आहे.

तिसरा घोळ ठेकेदाराचा, आणि चाकण, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत तो सर्वांत मोठा. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि जन्मभर एकच राहतो. ठेकेदार बदलला की नव्याला जुना क्रमांक द्यायचा. तो न देता नवा काढला तर आधीचे दिवस दुसऱ्या क्रमांकावर लटकतात आणि ७० ची बेरीज तुटते. पगारात ईएसआय कापला जातो पण पुढे भरलाच जात नाही, किंवा २६ दिवसांची हजेरी १५ दिवसांची म्हणून चढवली जाते, हेही प्रकार जुनेच आहेत. ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या क्रमांकाने आत गेलं की महिनावार दिवस आणि वेतन दिसतं. दर महिन्याला बघावं, वर्षाने बघून उपयोग नाही. आणि ठेकेदाराने हात वर केले तर लक्षात ठेवावं की वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्याची असते. तक्रार त्याच्या नावाने करावी. ठेकेदाराच्या नावाने केलेली तक्रार पुढच्या ठेकेदारापर्यंत फिरत राहते. अॅप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुली मात्र ईएसआयमध्ये येतच नाहीत. काम तेच, मशिन तेच, ईएसआयची रजा नाही.

रक्कम ठरवताना संबंधित वर्गणीकाळातलं वेतन धरतात. कालपरवा मिळालेली वेतनवाढ त्यात दिसत नाही, याचा अनेकींना धक्का बसतो. ओव्हरटाइम मात्र २१,००० ची मर्यादा मोजताना धरत नाहीत. आणि पगारवाढ मर्यादेच्या वर नेणारी असेल तर तारीख बघा: वर्गणीकाळाच्या मध्यात वाढ झाली तर तो काळ संपेपर्यंत विमा चालू राहतो.

ही २१,००० ची मर्यादा १ जानेवारी २०१७ ला ठरली. त्यानंतर पगार वाढत गेले, मर्यादा जागची हलली नाही. परिणाम असा की आठ-नऊ वर्षांपूर्वी जी बाई चांगल्या खिडकीवर होती ती आज तेच काम करत असूनही दुसऱ्या खिडकीवर ढकलली गेली आहे.

दुसरी खिडकी मालकाची. इथे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला २६ आठवडे पूर्ण पगार, तोही रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. ईएसआयपेक्षा हा दर चालू पगाराच्या जवळ जाणारा. मोफत वैद्यकीय सेवा दिली नसेल तर वर ३,५०० रुपये बोनस. कागदावर उत्तम. पण ४५,००० पगाराच्या बाईचे २६ आठवडे म्हणजे मालकाला एकरकमी २ लाख ७० हजार, आणि तिच्या जागी घेतलेल्या बदली माणसाचा पगार वेगळा. दोन हजार माणसांच्या कंपनीला हे पचतं. पंधरा जणांच्या सीएच्या ऑफिसला, डायग्नोस्टिक सेंटरला, छोट्या शाळेला पचत नाही. आणि मग ते पैसे वाचवण्याची सोपी जागा शोधतात: मुलाखत. "लग्न झालंय का? कधी केलं? घरी कोण कोण असतं?" हे प्रश्न याच हिशेबातून येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या करारात मातृत्वाचे पैसे सामाजिक विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून यावेत, एकट्या मालकावर टाकू नयेत, असं म्हटलंय ते उगाच नाही. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. २०१७ ला १२ चे २६ आठवडे करताना रजा दुपटीहून वाढवली, बिल मात्र पूर्वीच्याच माणसाच्या नावावर ठेवलं. २०१८ मध्ये काही आठवड्यांचा पगार केंद्राने मालकाला परत द्यावा असा प्रस्ताव आला होता. तो प्रस्तावच राहिला.

या खिडकीवरचा दुसरा डाव म्हणजे अकरा महिन्यांचं कंत्राट. पोट दिसायला लागलं की नूतनीकरण होत नाही. याबाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे: ८० दिवसांची अट पूर्ण झाली असेल तर कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागेल. रोजंदारीवरच्या बायकांना हा हक्क २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या कामगारांच्या खटल्यात मिळाला होता. तेव्हा गरोदरपणाची लेखी सूचना कंत्राट चालू असतानाच द्यावी, अपेक्षित तारीख आणि रजेची सुरुवात लिहून द्यावी, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

एवढं करून पैसे मिळाले, रजा मिळाली. पुढे सत्ताविसावा आठवडा. दोन्ही खिडक्यांना आम्ही सर्वांत कमी गुण देतो ते इथे. सगळी रजा प्रसूतीनंतर घेतली तर कामावर जाताना बाळ सहा महिन्यांचं असतं. आठ आठवडे आधी घेतले असतील तर जेमतेम चार महिन्यांचं. अंगणवाडीची शाळा तिसऱ्या वर्षी सुरू होते, आणि तीही काही तासांपुरती. मधल्या अडीच वर्षांचं काय? ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. प्रत्यक्षात ४९ वर हजेरीपट थांबवणं, उरलेली माणसं दुसऱ्या नावाच्या फर्मवर दाखवणं सोपं जातं. काही ठिकाणी पाळणाघर म्हणजे कुलूप लावलेली एक खोली, जिची किल्ली सिक्युरिटीकडे. सोसायटीतल्या खाजगी पाळणाघरांवर परवाना, माणसामागे किती मुलं, काही धड बंधन नाही; चांगलं मिळालं तर पगाराचा मोठा लचका जातो. शेवटी भिस्त आजीवर. आजी गावाकडे, किंवा स्वतःच कामाला जाणारी असेल तर दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघतच नाही.

सरकारी नोकरीत हे गणित निराळं आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्याला मुलं १८ वर्षांची होईपर्यंत एकूण ७३० दिवस बाल संगोपन रजा मिळते, महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १८० दिवस. एमपीएससीच्या रांगेत वयाची तिशी उलटेपर्यंत मुली का उभ्या राहतात आणि लग्न, मूल सगळं का लांबवतात, याचं एक कारण या दोन आकड्यांतही आहे.

रजेचा जन्मदरावर खरंच परिणाम होतो का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्वीडनचं. तिथे १९७४ पासून आई-बाप दोघांनाही विम्यातून पगाराच्या प्रमाणात पैसे मिळतात. १९८० मध्ये सवलत दिली की पुढचं मूल २४ महिन्यांच्या आत झालं तर आधीच्याच पगारावर लाभ मोजू, मध्ये कमी तास काम केलं असलं तरी. १९८६ ला ती मर्यादा ३० महिने केली. बायकांनी दोन मुलांमधलं अंतर कमी केलं, आणि १९९० ला जननदर २.१ वर गेला. मग नव्वदीच्या सुरुवातीला बँका बुडाल्या, दोन टक्क्यांच्या आसपासची बेकारी तीनेक वर्षांत चौपटीवर गेली, आणि त्याच योजनेखाली दशकाच्या शेवटी जननदर १.५ वर आला. कारण योजनेतच होतं: लाभ आधीच्या कमाईवर मोजला जाई, आणि ज्या तरुणींना नोकरीच लागली नाही त्यांना नुसती किमान रक्कम. म्हणून त्यांनी आधी नोकरी, मग मूल असा क्रम धरला. दक्षिण कोरियात आई-बाप दोघांनाही वर्षभर रजा कागदावर आहे, पण ती नोकरी-विम्याला बांधलेली, त्यामुळे स्वयंरोजगारातले आणि अनेक कच्च्या नोकरीतले बाहेर. त्यात घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च आणि ऑफिसचे तास. २०२३ ला तिथला जननदर ०.७२ होता. चालणाऱ्या नोकऱ्यांच्या बाजारात रजा काम करते, तुटक्या बाजारात ती नुसती सवलत उरते.

तिसऱ्या खिडकीवर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही, जरी गर्दी तिथेच असायला हवी. देशातल्या शंभर कामकरी बायकांत नियमित पगारी सोळाच्या आसपास. बाकीच्या शेतात, घरात, नाक्यावर. मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० म्हटलं होतं, ते जननी सुरक्षा योजनेची रक्कम मिळवून भरून काढतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात, तेव्हा खातं आधी तपासा. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही; आशाताई मागत असतील तर हे सांगावं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी जिवंत असेल तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये वेगळे मिळतात, पहिल्या दोन मुलांपर्यंत. नूतनीकरण चुकलं की तेही गेलं.

५,००० रुपयांत किती रोज भरून निघतात हे ऊसतोडणीच्या टोळीत बघावं. तिथे मजुरीचं एकक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल दोघांवर मिळून घेतलेली, आणि एक जण बसला की खाडा जोडीचा कापला जातो. अशा कामात गरोदरपणच काय, पाळीसुद्धा परवडत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मजुरीची पद्धत शरीरावर थेट काय करते याचा याहून नागडा पुरावा दुसरा नसेल. मातृ वंदनाचा हप्ता त्या उचलीच्या व्याजालाही पुरणार नाही.

आता एक विसंगती. १.७ जननदराच्या राज्यात २००१ पासून तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आंध्र प्रदेशाने निवडणुकीपुरती ही अट नोव्हेंबर २०२४ ला काढून टाकली. रजेतही दोन मुलांची रेघ आहेच.

गुण द्यायचेच तर ईएसआयला पाचपैकी साडेतीन. मर्यादा वाढवली आणि वर्गणीकाळ-लाभकाळाची तीन महिन्यांची फट बुजवली तर साडेचार. मालकाच्या खिडकीला अडीच, तेही मोठ्या कंपनीत असाल तर. मातृ वंदनाला एक. नोकरी बदलायचा विचार आणि मुलाचा विचार एकाच वर्षात असेल, आणि दोन्ही पगार २१,००० च्या आत असतील, तर नवी नोकरी शक्यतो एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरा, जुना विमा क्रमांक पहिल्याच दिवशी द्या, आणि नियुक्तिपत्रात प्रसूती लाभाचा उल्लेख आहे का ते बघा. तो लेखी कळवणं मालकावर बंधनकारक आहे; नसेल तर ईमेलने मागा.